मुक्काम बदलला तरी चाल मोडू नये



परमार्थाच्या मासिकात मागाची, मजुरीची आणि नोकरीची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर साधे आहे. माळकरी मनुष्य वर्षातून थोडे दिवस वाटेवर असतो. बाकीचे सारे दिवस तो कामावर असतो. यंत्रमागावर तर बारा-बारा तासांची पाळी. ज्या जागी मनुष्याचे अर्धे आयुष्य जाते, त्या जागेची काळजी हरिपाठाच्या वेळीही त्याच्या मनात घोळत राहते. टाळ हातात असतो आणि मन कारखान्याच्या दारात उभे असते. तेव्हा त्या काळजीचा विचार येथे करणे अप्रस्तुत नाही.

आम्ही टेमघरास, भिवंडी-कल्याण रस्त्याच्या बाजूस राहतो. पूर्वी कीर्तन आटोपले म्हणजे माणसे जवळ येऊन एखाद्या चरणाचा अर्थ विचारीत. हल्ली एक जण विचारतो, “महाराज, आमचा शेठ माग भंगारात काढतोय म्हणे. खरं असेल का हो?” दुसरा म्हणतो, “गोदामात लागावं म्हणतोय. पण तिथं सगळं यंत्रावर टिपायचं असतं. मला जमेल का?” तिसरा काही विचारीत नाही, नुसता बसून राहतो. त्या तिसऱ्यासाठी विशेषेकरून हा लेख आहे.

बदल भिवंडीस नवा नाही

भिवंडी ही एके काळी खाडीकाठची पेठ. येथे तांदळाचा व्यापार चाले. पुढे हातमागांचा खडखडाट सुरू झाला. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडील मोमीन विणकर येथे येऊन वसले, असे सांगतात. विसाव्या शतकात विजेवर चालणारे माग आले आणि हातमाग मागे पडला. मग १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरण्यांचे कापड विणण्याचे काम भिवंडीकडे वळले. लालबाग-परळात ज्या बदलाने घराघरांतील चूल विझली, त्याच बदलाने भिवंडीत नव्या रात्रपाळ्या सुरू झाल्या. एका गावची ओहोटी ती दुसऱ्या गावची भरती झाली.

आता पाणी पुन्हा फिरते आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी मोठ्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा रोखीने मजुरी वाटणारे कारखाने अडले. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली, तेव्हा तर सगळे मागच थांबले आणि परप्रांतीय विणकर पायी गावाकडे निघाले. सुताचा भाव वर-खाली होतो तो निराळाच. दुसरीकडे, मुंबईची जकात चुकवून माल शहराबाहेर ठेवता यावा म्हणून नाशिक रस्त्याच्या आसपास जी गोदामे उठली होती, ती २०१७ साली जकात गेल्यावरही उठली नाहीत. उलट मोठमोठी झाली. बापाने माग चालवला आणि मुलगा गोदामात खोकी मोजतो, अशी घरे आता पुष्कळ दिसतात.

हे एवढे सांगण्याचे कारण काय? कारण असे की यांतील एकही बदल कामगारास विचारून झाला नाही, आणि एकही बदल कामगाराच्या आळसाने झाला नाही. म्हणून आपला माग बंद पडला तर आपणच नालायक ठरलो असे मनुष्याने समजू नये. काम जाणे हे संकट आहे; ती अपकीर्ती नव्हे. तो तिसरा गप्प बसलेला गृहस्थ पोटापेक्षा लाजेने अधिक खचलेला असतो, हे आम्ही पाहिले आहे.

एक शंका आणि तिचे समाधान

येथे कोणी शंका घेईल: संसार अनित्य आहे असे तुम्हीच कीर्तनात सांगता. मग नोकरी राहिली काय आणि गेली काय, देवावर भार टाकून स्वस्थ बसावे. माग विकले जाणार असतील तर विकले जातील.

हा पूर्वपक्ष ऐकायला गोड आहे, पण विचारापुढे टिकत नाही. गीतेत योगक्षेम हा शब्द आला आहे. जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग, आणि मिळालेले राखणे हा क्षेम, असा त्याचा अर्थ टीकाकार करतात. अनन्य भक्ताचा योगक्षेम भगवंत वाहतो हे खरे. पण त्याच भगवंताने धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनास उठवून उभे केले, हेही तितकेच खरे. अठरा अध्याय ऐकून अर्जुन घरी निजायला गेला नाही. फळाची आसक्ती सोडणे निराळे आणि मजुरीचा हिशेब सोडणे निराळे. उलट आसक्ती सुटली की नजर स्वच्छ होते, आणि स्वच्छ नजरेला हिशेब अधिक नीट दिसतो.

तुकोबारायांचेच पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने त्यांचा व्यापार बुडाला, घरची माणसे दगावली. पुढे घरातील कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पण तिच्यातील एक बारकावा पुष्कळदा सुटतो. भावाच्या वाट्याची खते त्यांनी भावास दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडविली, असे चरित्रकार सांगतात. वैराग्य आले तरी हिशेब चुकला नाही! अरणच्या सावतोबांनी मळा सोडला नाही, तेरच्या गोरोबांनी चाक सोडले नाही. आमच्या संतांनी देवाचे नाव घेऊन काम टाळले, असे कोठेही दिसत नाही.

वारीनेही बदल सोसला

अनिश्चिततेत काय धरावे आणि काय सोडावे हे शिकण्यास आपल्याला लांब जावे लागत नाही. २०२० साली आषाढीला पायी वारी झाली नाही. ज्या वाटेवर लाखो पावले पडतात ती वाट मोकळी राहिली. पादुका मोजक्या माणसांसह एसटीच्या गाडीने पंढरपुरास नेल्या. २०२१ साली पुन्हा तसेच. २०२२ साली दिंड्या परत वाटेस लागल्या. त्या दोन वर्षांत पुष्कळांनी डोळ्यांत पाणी आणले; पण वारी बुडाली असे कोणी म्हटले नाही. पायी चालणे थांबले, नेम थांबला नाही. घरी राहिलेल्यांनी घरी हरिपाठ केला. आमच्यासारख्या साठी उलटलेल्या कीर्तनकारासही मंदिरे बंद असताना मोबाइलसमोर उभे राहून निरूपण करावे लागले. समोर माणूस नाही, मान हलवणारे कोणी नाही. नातवाने सांगितले, “आजोबा, इकडं भिंगाकडं बघून बोला.” बोललो. निरूपण तेच होते, तोंड कोठे करायचे एवढेच नवे होते.

तात्पर्य, प्रत्येक कामात एक भाग मुक्कामाचा असतो आणि एक भाग चालीचा असतो. मुक्काम दुसऱ्याच्या हाती असतो: कारखाना कोणता, यंत्र कोणते, मालक कोण. चाल आपल्या हाती असते: वेळेवर येणे, हातातील कसब, खरे बोलणे, शिकण्याची तयारी. मुक्काम हलला म्हणून जो चालही मोडतो, त्याचे दुप्पट नुकसान होते.

समाजआरतीची शिस्त

आता मुख्य मुद्दा. माउलींच्या पालखीसोबत जे चालले आहेत त्यांस समाजआरती ठाऊकच आहे. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संध्याकाळी पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार आपला दंड वर करतो आणि तो सारा गजर क्षणात शांत होतो. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा करतात. त्यानंतर हरवले-सापडलेल्या वस्तू पुकारतात, आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचे ते सांगतात. मग आरती होते.

बघा, एवढा मोठा समाज, रोज नवे गाव, रोज नवे रान. उद्या पाऊस लागेल का, घाटात चिखल असेल का, हे चोपदारासही ठाऊक नसते. पण जे ठाऊक आहे ते तो संध्याकाळी सर्वांना सांगतो. त्यामुळे लाखो माणसे उघड्यावर निर्धास्त झोपतात. अनिश्चितता गेलेली नसते; तिची भीती गेलेली असते. उद्याची वेळ कळणे, तक्रार ऐकली जाणे, आणि हरवले-सापडले मोजले जाणे, या तीन गोष्टी ज्या कामाच्या ठिकाणी आहेत तेथे बदल सोसवतो. जेथे त्या नाहीत तेथे लहानसा बदलही माणसाला पोखरतो. या तिन्ही आपल्या कामास कशा लावाव्यात, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, उद्याची वेळ. कारखान्यात चोपदार नसतो, म्हणून चहाच्या टपरीवरची बातमी चोपदार होऊन बसते. “माग गेले, आता सगळ्यांना काढणार,” असे एक म्हणतो आणि दहा जणांची झोप उडते. आमच्या टेमघरास नदीचे पाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ होते तेव्हा ते ढवळून कोणी स्वच्छ करीत नाही. गढूळ पाणी तुरटीने निवळते, संथ राहू दिले की गाळ तळाशी बसतो. बातमीचे तसेच आहे. ती दहा ठिकाणी ढवळू नये. मेहताजीस किंवा मालकास सरळ विचारावे. आणि “आमचं काय होणार?” असे मोघम विचारू नये. त्यास मोघमच उत्तर मिळते. माग कोणत्या तारखेपर्यंत चालतील? किती माग जाणार? नवे माग येणार असतील तर जुन्या माणसास शिकवणार का? मजुरीची बाकी कधी मिळेल? असे चार प्रश्न नेमके विचारावे. “अजून ठरलं नाही” असे उत्तर आले तरी तेही उत्तरच आहे. मग कधी ठरेल तो दिवस विचारून ठेवावा.

दुसरी गोष्ट, टाळ वाजवीत राहणे. तक्रार असलेली दिंडी दंगा करीत नाही, दगड उचलीत नाही, आणि वारी सोडून निघूनही जात नाही. ती आपल्या जागी उभी राहून टाळ वाजवते, ऐकून घेईपर्यंत वाजवते. कामगारानेही आपला हक्क तसाच मागावा. जागेवर राहून, चार जणांनी मिळून, आणि होईल तितके लेखी. हक्क कोणता तो ठाऊक मात्र हवा. एक वर्ष सलग काम झालेल्या कामगारास काम कमी झाले म्हणून काढावयाचे तर महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि शिवाय दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई, असा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात पाच वर्षे सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटी लागू होते. तिचाही हिशेब वर्षास पंधरा दिवसांचे वेतन असाच आहे. मीटरवर मजुरी घेणाऱ्यासही ती मिळते. त्यासाठी शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी धरतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेप्रमाणे ठराविक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसास एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आला आहे.

पण हक्क सांगायचा तर पुरावा लागतो. म्हणून हजेरीचे कार्ड, मजुरीच्या चिठ्ठ्या, बँकेचे पुस्तक एका पिशवीत जपावे. काहीच मिळत नसेल तर वहीत रोज तारीख, पाळी आणि मीटर लिहावे. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर आपला यूएएन क्रमांक विचारून घ्यावा. नोकरी बदलली तरी तो क्रमांक बदलत नाही. ज्यांस भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआय यांपैकी काहीच लागू नाही अशा असंघटित कामगारांसाठी २०२१ सालापासून ई-श्रम नोंदणी सुरू झाली आहे. ती आधार क्रमांकावर होते. पोथीला जसे आपण फडके बांधतो तशीच ही पिशवी सांभाळावी. यात संसाराचा लोभ नाही, मुलाबाळांचे रक्षण आहे.

तिसरी गोष्ट, हरवले-सापडले. काम बदलते तेव्हा मनुष्य हरवलेले तेवढेच मोजतो. वीस वर्षे साधा माग चालवलेला विणकर म्हणतो, “माझं सगळं गेलं.” सगळे गेले का? जरा पुकारून तर पाहू. साध्या मागात धोटा पोटात कांडी घेऊन इकडून तिकडे धावतो. रॅपियर मागात धोटा नसतो, पकड धागा ओढून नेते. एअरजेटमध्ये हवेचा झोत नेतो, वॉटरजेटमध्ये पाण्याची धार नेते. तेव्हा धोटा गेला आणि कांडी बदलण्याचे काम गेले, हे हरवले. पण तुटलेला उभा धागा ओळखण्याची नजर हरवली का? गाठ मारण्याची बोटे हरवली का? मागाचा आवाज बदलला की कानाला कळते, ते कसब हरवले का? कापडातील दोष दुरून दिसतो, तो डोळा हरवला का? हे सगळे नव्या मागावरही लागते. गोदामात गेला तरी बारा तास उभे राहून चूक न करता मोजण्याची सवय बरोबर जाते. बटणे दाबणे पंधरा दिवसांत येते. वीस वर्षांचे लक्ष पंधरा दिवसांत कोणास येत नाही.

लाज कोठे आडवी येते

येथे खरी अडचण वेगळीच असते. नवे यंत्र शिकवणारा विशी-बाविशीचा पोरगा असतो. पन्नाशीचा विणकर त्याला विचारायला लाजतो. “काल आलेलं पोर मला शिकवणार?” असे मनात येते. त्यास आमचे एवढेच म्हणणे आहे की, बाबा रे, तू वारीत काय करतोस? वारीत भेटलेल्या पोरासोराच्याही तू पाया पडतोस. त्याची जात विचारीत नाहीस, वय विचारीत नाहीस. तो तुझ्या पाया पडतो आणि तू त्याच्या. वाळवंटात जे डोके सहज वाकते ते कारखान्यात का ताठते? तेथे पाया पडलास तो आचार, आणि येथे “दादा, हे पुन्हा एकदा दाखव” म्हणालास तर तो त्याच आचाराचा खरा कस. विचारणाऱ्याची विद्या वाढते, लाजणाऱ्याची आहे तीही गंजते.

शिकण्याची रीतही सांगतो. पाठांतराला बसलेल्या लहान मुलास आम्ही एकदम अध्याय देत नाही. रोज एक ओवी देतो. नव्या यंत्राचे तसेच. रोज एक गोष्ट, आणि ती हाताने करून. आजची आली की उद्याची. जुने काम सुटण्याची वाट न पाहता, ते चालू असतानाच पाळी संपल्यावर अर्धा तास नव्या मागापाशी उभे राहावे. मुक्काम हलण्याआधी गाठोडे बांधून ठेवणारा वारकरी पहाटे गोंधळत नाही.

घरी काय सांगावे

काम डळमळू लागले की पुष्कळ पुरुष घरी सांगत नाहीत. रोज डबा घेऊन निघतात, कोठेतरी बसून वेळ काढतात आणि संध्याकाळी परत येतात. काहींची पावले गुत्त्याकडे वळतात. घरात समाजआरती झाली पाहिजे. संध्याकाळी बायकोला, जाणत्या मुलांना बसवून सांगावे: एवढी बाकी आहे, एवढे शिलकीत आहे, या तारखेपर्यंत काम आहे. घरच्या लक्ष्मीला आधी कळले तर ती दोन महिन्यांचा किराणा असा बसवते की पुरुषाला थांग लागत नाही. उशिरा कळले तर तीच माउली सावकाराच्या दारात उभी राहते. दुःख वाटून घेतले म्हणजे कमी होतेच असे नाही, पण त्याची गुंडाळी सुटते.

मालक आणि मुकादम यांस दोन शब्द

आमच्या वाचकांत कारखानदार आहेत, मुकादम आहेत, गोदामाचे व्यवस्थापकही आहेत. त्यांनाही सुताच्या भावाची, थकलेल्या उधारीची, विजेच्या बिलाची चिंता आहे, हे आम्ही जाणतो. माग विकणे हे पाप नव्हे. पण माग उचलायला गाडी दारात आली तेव्हाच कामगाराला कळावे, हे मात्र बरे नव्हे. चोपदाराचा दंड वर होतो तो धाक दाखवायला नव्हे, सांगायला. ज्याच्या हाती दंड आहे त्याने संध्याकाळी सांगितलेच पाहिजे. ठरले असेल ते सांगावे, ठरले नसेल तर ठरले नाही असे सांगावे. आणि कोणाचा टाळ अजून वाजत असेल तर त्याच्यापर्यंत चालत जावे. खरे सांगणाऱ्या मालकाची माणसे कामाच्या शेवटच्या दिवशीही कापड खराब करीत नाहीत.

शेवटी त्या गप्प बसलेल्या तिसऱ्या गृहस्थास सांगणे एवढेच. बाबा, तू गप्प राहू नकोस. उद्या काय होईल हे मालकास ठाऊक नाही, आम्हास नाही, तुलाही नाही. पण उद्या सकाळी कोणास काय विचारायचे, कोणता कागद शोधायचा, आणि कोणत्या पोराला “दादा, दाखव” म्हणायचे, एवढे तुला आज रात्री ठरवता येते. तेवढे ठरव, नाम घे, आणि झोप. पहाट झाली की चाल धर.

राम कृष्ण हरि.